लेकरू अठराचं झालं

पिंगळी हे परभणी तालुक्यातलं गाव. गावाला रेल्वेचं स्थानक आहे. सरकारी काम निघालं, की पिंगळीची माणसं परभणीला जातात. तहसील तिथं, कलेक्टर कचेरी तिथं, जिल्ह्याचा मोठा दवाखानाही तिथंच.

आज आपण अशाच एका सरकारी कामाचा धडा वाचू. तो नीट वाचा. घरात सोळा-सतरा वर्षांचं लेकरू असेल, तर दोनदा वाचा.

बँकेतली गोष्ट

आपण एक घर समजू. घरधनी वारला आहे. आई रोजानं शेतात जाते. कापूस वेचते, सोयाबीन काढते. तिला एक मुलगी आणि एक मुलगा आहे. दोन्ही लेकरांना सरकारकडून महिन्याला मदत मिळते. त्या पैशात वह्या-पुस्तकं येतात, एसटीचा पास निघतो, दुखलं-खुपलं भागतं.

एके दिवशी आई बँकेत जाते. पासबुक भरून घेते. मुलाचे पैसे आलेले असतात. मुलीचे आलेले नसतात.

"साहेब, पोरीचे पैसे कामून आले नाहीत?"

"मावशी, तुमची मुलगी अठरा वर्षांची झाली."

"अठराची झाली म्हणून काय तिला भूक लागत नाही?"

आईचं म्हणणं खरं आहे. अठरा पूर्ण झाल्यानं भूक कमी होत नाही, शाळेचा खर्चही कमी होत नाही. पण कायद्याच्या वहीत त्या दिवशी पान उलटतं. काल जे लहान मूल होतं, ते आज सज्ञान माणूस होतं. लहान मुलांसाठी ठेवलेला पैसा तिथं थांबतो.

हे ज्याला आधी कळतं, तो तयारी करतो. ज्याला कळत नाही, त्याचं घर एका महिन्यात कोलमडतं. कुणी पोरीची शाळा बंद करतं. कुणी तिला ऊसतोडीला धाडतं. कुणी घाईनं तिचं लग्न ठरवतं. असं होऊ नये, म्हणून हा धडा.

अठरा कधी पूर्ण होतात?

आपल्या देशात १८७५ साली सज्ञानतेचा कायदा झाला. तो आजही चालू आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान, असं तो सांगतो. मुलगी १२ नोव्हेंबर २००८ ला जन्मली असेल, तर १२ नोव्हेंबर २०२६ चा दिवस उजाडला की ती सज्ञान झाली.

"अठरावं लागलं" आणि "अठरा पूर्ण झाली" यात एका वर्षाचं अंतर आहे. सतरा पूर्ण झाली की अठरावं लागतं. पैसा अठरा पूर्ण झाल्यावर थांबतो. कुणी एक वर्ष आधीच थांबवला, तर विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पहिलं घर : थांबणारा पैसा

मघाच्या घरातली लेकरं बाल संगोपन योजनेत आहेत. तिचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. ज्या लेकरांचे आई-बाप नाहीत, किंवा दोघांतलं एकच आहे, किंवा आई-बाप मोठ्या दुखण्यात, तुरुंगात अडकले आहेत, अशा लेकरांसाठी ती आहे. लेकरू अनाथालयात न जाता घरीच वाढावं, हा तिचा हेतू. मंजुरी बाल कल्याण समिती देते. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कचेरीत करतात. २०२३ सालापासून दर लेकरामागे महिन्याला २,२५० रुपये ठरले आहेत.

आता हिशोब करू. पाटी घ्या.

एका लेकराचे वर्षाचे : २,२५० गुणिले १२, म्हणजे २७,००० रुपये.

दोन लेकरांचे वर्षाचे : ५४,००० रुपये.

आई स्वतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आहे. ही योजना १९८० साली सुरू झाली. २०२३ सालापासून तिच्यात महिन्याला १,५०० रुपये ठरले. वर्षाचे झाले १८,०००.

घरात मदत येते : ५४,००० अधिक १८,०००, म्हणजे ७२,००० रुपये.

मुलगी अठराची झाली, की तिचे २७,००० थांबले. उरले ४५,०००.

म्हणजे दर आठ रुपयांतले तीन रुपये गेले. आणि गेले कधी? ती १२ नोव्हेंबरला जन्मली. बारावीचं वर्ष चालू आहे. दिवाळी सरली आहे आणि परीक्षा तोंडावर आली आहे. नेमकी तेव्हाच पैशाला खीळ बसली.

इथं दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. थांबलेला पैसा वेगळा आणि थकलेला पैसा वेगळा. सरकारी पैसा पुष्कळदा उशिरानं येतो. चार-चार महिन्यांचा एकदम येतो. मुलगी अठराची होण्याआधीच्या महिन्यांचा पैसा थकला असेल, तर तो तिचाच आहे. तो बुडत नाही. पासबुक घेऊन कचेरीत जावं. कोणत्या महिन्यापर्यंत पैसा आला ते दाखवावं. बाकीचा लेखी मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

दुसरी गोष्ट. मुलगी अठराची झाली, एवढ्यानं आईचं निराधार अनुदान बंद होत नाही. धाकट्या भावाचं बाल संगोपनही बंद होत नाही. ज्याचं वय भरलं, त्याचंच थांबतं. पण आईनं दर वर्षी हयातीचा दाखला आणि मागतील ते कागद दिले पाहिजेत. पुष्कळ बायांचं अनुदान कागद न दिल्यानं अडकतं, आणि त्यांना वाटतं, पोरगी मोठी झाली म्हणून बंद झालं.

दुसरं घर : हात बदलणारा पैसा

आता दुसरं घर. या घरातला मुलगा दिव्यांग आहे. त्याला बोलता येत नाही आणि समजही कमी आहे. वय सतरा.

दिव्यांग माणसालाही संजय गांधी योजनेतून मदत मिळते. त्यासाठी अपंगत्व शंभरात निदान ४० असावं लागतं. घरचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांची रक्कम महिन्याला २,५०० रुपये झाली. लेकरू लहान असलं, तर पैसा आई-बापांमार्फत मिळतो.

या मुलाला अठरा पूर्ण झाली, म्हणून त्याचा हक्क जात नाही. दिव्यांगपण वयाबरोबर संपत नाही. पण आता हक्क त्याच्या स्वतःच्या नावचा होतो. खातं त्याचं, आधार त्याचं, सही किंवा अंगठाही त्याचाच. काल आई त्याच्या वतीनं पैसा काढत होती. आज बँक तिला म्हणते, "मुलाला आणा."

आई म्हणेल, "अहो, मी त्याची माय आहे. माझ्याशिवाय त्याचं कोण करणार?"

माया खरी आहे, पण कायदा वेगळा आहे. लेकरू सज्ञान झालं, की आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. मुलगा स्वतःचा व्यवहार करू शकत असेल, तर त्यालाच करू द्यावा. नुसता बहिरा आहे, मुका आहे, चालता येत नाही, म्हणून कुणी त्याच्या नावानं व्यवहार करू नये. त्याचा पैसा त्याच्या हाती पडला पाहिजे.

पण ज्याला व्यवहार समजतच नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व किंवा एकाहून जास्त अपंगत्वं असलेल्या सज्ञान माणसाला या कायद्यानं पालक नेमून मिळतो. त्यासाठी जिल्ह्यात एक समिती असते. कलेक्टर तिचे प्रमुख असतात. आई-बाप तिच्याकडे अर्ज करू शकतात. समितीचा कागद हाती आला, की आई मुलाची कायद्यानं पालक होते. मग बँकेचं काम सोपं होतं.

या घरानं आणखी एक गोष्ट पाहावी. अपंगत्वाचा दाखला बाहेर काढावा आणि त्याच्यावरची तारीख वाचावी. काही दाखले कायमचे असतात, काही मुदतीचे असतात. मुदत संपली असेल, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. दाखला जुना राहिला, तर अनुदान अडतं.

अपंगत्व शंभरात ८० किंवा जास्त असेल आणि घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर केंद्र सरकारचंही एक निवृत्तिवेतन आहे. त्याला इंदिरा गांधींचं नाव आहे. ते अठरा वर्षांपासून पुढं मिळतं. केंद्राचे महिन्याला ३०० रुपये असतात आणि राज्य त्यात आपली भर घालतं. म्हणजे या घरात अठरावं वर्ष एक दार नव्यानं उघडतं. पण दार आपण ठोठावलं तरच.

तिसरं घर : आजीपाशी वाढलेलं लेकरू

तिसऱ्या घरात आई नाही आणि बापही नाही. आजीनं नातवाला वाढवलं. त्यालाही बाल संगोपनाचे २,२५० रुपये मिळत होते. तेही अठराला थांबतील. पण या लेकरानं तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत.

पहिली, अनाथ प्रमाणपत्र. २०१८ सालापासून महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत शंभरात एक जागा राखून ठेवली आहे. त्यासाठी हे प्रमाणपत्र लागतं. महिला व बाल विकास कचेरीत त्याचा अर्ज होतो. आई-बापांच्या मृत्यूचे दाखले जपून ठेवावेत. ते हरवले, तर पुढं सगळंच अडतं.

दुसरी, करोनाची मदत. करोनाच्या साथीत आई आणि बाप दोघंही गेले असतील आणि लेकराचं नाव तेव्हा नोंदलं असेल, तर केंद्र सरकारनं त्याच्या नावे पैसा ठेवला आहे. अठरा पूर्ण होईतो ती रक्कम दहा लाख रुपये होते. पण अठराव्या वर्षी दहा लाख हाती पडत नाहीत. अठरा ते तेवीस या वयात तिच्यातून महिन्याचा खर्च मिळतो. मूळ रक्कम तेविसाव्या वर्षी मिळते. राज्य सरकारनंही अशा लेकरांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली. ती एकविसाव्या वर्षी मिळते. तोवर "सही कर, मी पैसे काढून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्याच्यापासून दूर राहावं.

तिसरी गोष्ट बालगृहात वाढलेल्या लेकरांची. त्यांना अठरा झाल्यावर संस्था सोडावी लागते. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्यांच्या पुढच्या आधाराची सोय आहे. एकवीस वर्षांपर्यंत, आणि गरज असेल तर तेवीसपर्यंत, राहण्याची, शिक्षणाची आणि पैशाची मदत मिळू शकते. ही सोय संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आहे, घरी वाढलेल्यांसाठी नाही.

मधली तीन वर्षं

आता पुन्हा पहिल्या घरातल्या मुलीकडे येऊ. तिचं बाल संगोपन अठराला थांबलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण ही योजना २०२४ साली सुरू झाली. तिच्यात महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी वय एकवीस ते पासष्ट लागतं. शिवाय नवे अर्ज नेहमीच चालू नसतात.

म्हणजे एक मदत अठराला संपते, आणि दुसरीसाठी एकवीस लागतात. मधली तीन वर्षं रिकामी राहतात. त्याच तीन वर्षांत बारावी होते, पुढचं कॉलेज होतं, नर्सिंग किंवा आयटीआय होतं. मुलीचं जन्माचं कल्याण किंवा नुकसान त्याच तीन वर्षांत ठरतं.

ही दरी भरण्याची वाट शिक्षणातून आहे. दहावीनंतर शिकणाऱ्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती असते. जातीप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे नियम वेगळे असतात. अर्ज महाडीबीटी नावाच्या सरकारी व्यवस्थेत भरतात. गावातल्या सेवा केंद्रावर तो भरता येतो. शिष्यवृत्तीला अठराचा दरवाजा नसतो. शिकत राहणाऱ्याला ती मिळते. शिकणं सोडलं, तर तीही गेली. म्हणून आम्ही सांगतो : पैसा थांबला म्हणून शाळा थांबवू नका. शाळा चालू ठेवली, तर दुसरा पैसा मागता येतो.

उलट बाजूही पाहा. लेक लाडकी योजनेत मोठा पैसा अठराव्या वर्षीच मिळतो. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरात १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी ती आहे. टप्प्याटप्प्यानं पैसा मिळतो, आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. सगळे मिळून १,०१,००० होतात. त्या मुलींतली पहिली २०४१ साली अठराची होईल. ज्यांच्या घरी आज ती पाळण्यात किंवा अंगणवाडीत आहे, त्यांनी तिचे कागद आजपासून जपावेत.

दुसऱ्या देशांत काय होतं?

हे काही आपल्याच जिल्ह्यात होतं असं नाही. अमेरिकेत गरीब घरच्या अपंग लेकराला सरकार महिन्याचा पैसा देतं. लेकरू अठराचं झालं, की त्याची पुन्हा तपासणी होते. ती मोठ्या माणसाच्या नियमानं होते. काहींचा पैसा बंद होतो. मात्र तेव्हापासून आई-बापांची कमाई मोजत नाहीत. त्यामुळं काहींना पहिल्यांदाच पैसा मिळू लागतो. दक्षिण आफ्रिकेत फार अपंग असलेल्या लेकराच्या संगोपनाचं अनुदान अठराला संपतं. पुढं मोठ्यांच्या अनुदानासाठी नवा अर्ज करावा लागतो.

तिथल्या आईलाही हाच प्रश्न पडतो, आणि तिथंही आधी तयारी करणाराच तरतो.

जन्मतारखेचा घोळ

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून लिहीत. अजूनही कुठं कुठं शाळेत एक तारीख, आधारवर दुसरी आणि ग्रामपंचायतीत तिसरी असते.

समजा, मुलगी जन्मली १२ नोव्हेंबरला आणि शाळेत लिहिलं १ जून. कचेरीनं शाळेची तारीख धरली, तर पैसा पाच महिने आधी थांबेल. पाच गुणिले २,२५०, म्हणजे ११,२५० रुपये. एका चुकीच्या तारखेची ही किंमत.

म्हणून ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला घ्यावा. शाळेचा आणि आधारचा कागद त्याच्याशी ताडून पाहावा. चूक असेल, तर मूल शाळेत आहे तोवर ती दुरुस्त करून घ्यावी. शाळा सुटल्यावर ते काम फार अवघड होतं.

वर्षभर आधी काय करावं?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपण म्हणतो. सतरा पूर्ण झाली, की विहीर खणायला घ्यावी.

१. जन्मदाखला, शाळेचा कागद आणि आधार यांवरचं नाव आणि तारीख एक करून घ्यावी.

२. आधारवर पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावी लागते. पंधरा ते सतरा या वयात ती फुकट होते. राहिली असेल, तर लगेच करावी.

३. मुलाचं खातं पालकाच्या सहीनं चालत असेल, तर अठराव्या वाढदिवसानंतर लगेच मुलाला घेऊन बँकेत जावं. मुलाची सही, फोटो आणि कागद द्यावेत. तोवर खातं अडू शकतं. आत थकलेला पैसा आला, तरी तो काढता येत नाही.

४. मोबाइल नंबर आणि आधार खात्याला जोडलेले आहेत का, ते विचारावं. आता पैसा आधार जोडलेल्या खात्यातच येतो.

५. शिष्यवृत्तीसाठी जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला आधी काढावा.

६. दिव्यांग लेकराच्या दाखल्याची मुदत पाहावी. लागत असेल, तर पालक नेमण्याचा अर्ज करावा.

७. शेवटच्या वर्षी महिन्याला २०० रुपये बाजूला टाकावेत. बचत गटात टाकले तरी चालतील. वर्षाचे २,४०० होतात. पैसा थांबेल, तेव्हा पहिला महिना तरी निभेल.

आणखी एक. अठराच्या दिवशी लेकराला समोर बसवा. त्याचं पासबुक त्याच्या हाती द्या. त्याला म्हणा, "आजपर्यंत आम्ही सही करत होतो, आता तू कर. पण वाचल्याशिवाय करू नको."

तुम्ही आता वाचायला शिकलात. तुमची मुलगी तर बारावीत आहे. दोघी मिळून हा धडा वाचा. मग पुन्हा बँकेत जाल, तेव्हा पैसा का थांबला हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, आणि पुढचा कागद पिशवीत तयार असेल.

शब्द ध्यानात ठेवा

सज्ञान : अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस.
संगोपन : लेकराचं पालनपोषण.
अनुदान : सरकारनं दिलेली पैशाची मदत.
हयातीचा दाखला : माणूस जिवंत असल्याचा कागद.

उत्तरं द्या

१. तुमच्या घरातलं लेकरू कोणत्या तारखेला अठरा पूर्ण करील? तारीख लिहा.
२. थांबलेला पैसा आणि थकलेला पैसा यांत फरक काय?
३. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. सात महिन्यांचे थकले, तर किती झाले?
४. शाळेच्या कागदावरची आणि आधारवरची जन्मतारीख एकच आहे का? आज घरी जाऊन पाहा आणि उद्या वर्गात सांगा.